मागून वाजलं पाहिजे

कर्जत तालुक्यात गेल्या काही वर्षांत लागलेल्या लग्नांचे अल्बम तुम्ही कधी चाळलेत, तर निम्म्याअधिक अल्बमांत वरातीच्या सगळ्यांत पुढे एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या बुटांतला म्हातारा दिसेल. तो नाचत नाही, हसत नाही, कोणाच्या गळ्यात पडत नाही. नजर समोर ठेवून नुसता चालतो. मुलाकडच्यांना तो मुलीकडचा वाटतो आणि मुलीकडच्यांना मुलाकडचा. खरं तर तो कोणाकडचाच नसतो. तो आमच्या आत्याचा नवरा असतो आणि व्यायामाला आलेला असतो.

आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. काकांची सगळी नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात गेली. निवृत्त झाले आणि पहिल्याच वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की गोळ्या मी देते, पण चालायचं तुम्हालाच आहे, नाहीतर पाय दाखवायला माझ्याकडे येऊ नका. आता चालणं ही गोष्ट काकांना मुळातच पटत नव्हती. कामावर चालत जाणं त्यांना कळायचं, बाजारात जाणं कळायचं. "पण पुलापर्यंत जायचं, पुलाला बघायचं आणि परत यायचं? मग गेलो कशाला मी?" असं ते विचारत. आत्या शाळेत बाई होती, तीही कडावच्या. दोन-दोन वर्ग एकाच खोलीत बसवून शिकवलेली. तिच्यापुढे भल्याभल्यांचं चालत नसे, पण काकांना तिनं गेटबाहेर काढलं की ते गेटाला टेकून उभे राहत आणि पाऊण तासानं "आलो गं फिरून" म्हणून आत येत.

मग एका संध्याकाळी त्यांच्या कर्जतच्या आळीतून वरात चालली होती. पुढे बेंजो पार्टी, म्हणजे बेंजोच्या तारांवर गाणं आणि जोडीला ढोल-ताशे. आमच्या भागात बेंजोशिवाय लग्न लागलं तर लोकांना ते रद्द झाल्यासारखंच वाटतं. काका गेटाला टेकलेलेच होते. बेंजो अगदी त्यांच्या पाठीशी आला तेव्हा पाय आपोआप उचलला गेला, असं ते नंतर सांगत. दिवेलागण होऊन गेली तरी पत्ता नाही. आत्या काळजीनं अर्धी झाली. शेवटी घामाघूम होऊन, लाल चेहऱ्यानं हे घरी आले.

"कुठे होतात?"

"वरातीत."

"कोणाच्या?"

"ते नाही विचारलं."

त्या दिवसापासून काका फक्त वरातीत चालू लागले. कुठल्या दिवशी कुठल्या हॉलवर लग्न आहे, याची खबर त्यांना भटजींच्या आधी लागे. चौक गावात हायवेच्या कडेनं निघालेल्या वरातीसाठी ते एसटीनं जात आणि चालून झालं की एसटीनंच परत येत. जेवायला कधी थांबत नसत, कारण साखर. पण इतका वडीलधारा माणूस सगळ्यांत पुढे चालतो म्हणजे मानाचाच असणार, या हिशेबानं लोक त्यांना टॉवेल-टोपी दिल्याशिवाय सोडत नसत. घरात टॉवेल-टोप्यांचा नुसता ढीग झाला. आत्यानं टॉवेलांची पायपुसणी केली, टोप्यांत लसूण वाळत घातली, तरी ढीग काही हलेना. एकदा कडावच्या बेंजो मास्तरनं त्यांना गाठलंच. "काका, खरं सांगा, तुमी पोराकडचे का पोरीकडचे?" काका चालता चालताच म्हणाले, "मास्तर, मी तुमच्याकडचा." मास्तर इतका खूश झाला, की पुढं काका दिसले नाहीत तर तो वरात पाच मिनिटं थांबवून धरी.

चातुर्मासात लग्नं बंद. तेव्हा काका सकाळी घंटागाडीच्या पुढे चालत. कचरा द्या, कचरा द्या असं गाणं वाजवत गाडी अगदी सोयीच्या वेगानं आळीआळीतून फिरते, त्यामुळे एकही गल्ली सुटायची नाही. नवीन राहायला आलेल्या बायका काकांच्याच हातात पिशवी द्यायच्या आणि काकाही ती बिनतक्रार मागे टाकून पुढे चालायचे. निवडणुकीत तर चैनच. सकाळी एका पक्षाच्या रिक्षापुढे, संध्याकाळी दुसऱ्या पक्षाच्या. दोन्हीकडच्यांनी त्यांना आपला निष्ठावान कार्यकर्ता धरलं होतं. निकालाच्या दिवशी जो निवडून आला त्याच्या मिरवणुकीत काका पुढे होतेच, आणि पडलेल्यानं आत्याला फोन करून विचारलं, की काकांच्या बाबतीत आमचं काही चुकलं का?

मी राहतो खोपोलीला. मला स्वतःला चालायचा कंटाळा नाही, पण दुसरा माणूस का चालतो, याची भारी उत्सुकता. म्हटलं, या माणसाला संगीत लागतं ना? मग वराती कशाला हव्यात? मी त्यांना चांगले इअरफोन नेऊन दिले. काकांनी ते कानात घातले, डोळे मिटले आणि ओट्यावर बसून मान डोलावायला लागले. अर्धा तास झाला. मी म्हटलं, "काका, चाला की." ते म्हणाले, "हे डोक्यात वाजतंय रे. पायांना कसं कळणार?"

मग मी ब्लूटूथ स्पीकर आणला. तो हातात घेऊन चालले, तर चार पावलांवर थांबून ऐकत उभे राहिले. शेवटी मीच तो पिशवीत घालून त्यांच्या मागं निघालो आणि काय सांगू, माणूस सुटला! उल्हास नदीच्या पुलापर्यंत मला धापा टाकायला लावल्या. मग मला प्रयोग करायची खोडच लागली. मी मागं रेंगाळलो, की ते मंद व्हायचे. मी जवळ आलो, की झपाझप. एकदा मुद्दाम गाणं बंद केलं, तर उचललेला पाय तसाच अधांतरी! बाजारपेठेत, भर रस्त्यात, एका पायावर माणूस उभा. मागं वळूनसुद्धा बघेना. मी घाबरून गाणं चालू केलं, तेव्हा पाय खाली आला.

"काका, हे मागूनच का वाजावं लागतं?" मी एकदा सरळ विचारलं.

त्यांनी वाकून बुटाची नाडी घट्ट केली. मग म्हणाले, "मागं वाजतंय म्हणजे मागं माणसं आहेत. बघावं लागत नाही." आणि लगेच, "चल, लाव."

एवढ्यावर माझी उत्सुकता भागली नव्हती, पण गाणं लावून मी मुकाट त्यांच्या मागं निघालो.

परवाच्या आषाढात आत्या पडली. परसात धुण्याच्या दगडापाशी शेवाळ धरलं होतं, पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं, रॉड घातला. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की वॉकर घेऊन रोज चालवा. आता भीतीनं पडून राहिल्या तर कायमच्या पडून राहतील. आणि आत्या पडून राहिली. ज्या बाईच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं वर्ग चिडीचूप व्हायचा, ती वॉकर बघितला की भिंतीकडे तोंड करायची. "पायावर माझा भरवसा नाही रे आता," एवढंच म्हणायची. फिजिओथेरपीवाली मुलगी येऊन विनवण्या करून जायची. काकांनी आत्याला भावगीतं ऐकवली, ती ऐकता ऐकता झोपली. अभंग लावले, ती रडली. कॉटवरून पाय काही खाली आला नाही.

काकांनी स्वतःचं चालणं सोडलं. घंटागाडी दारावरून वाजत जायची आणि हे आत्याच्या पायथ्याशी बसलेले असायचे. दाढी वाढलेली, पांढरे बूट कोपऱ्यात. मला बघून म्हणाले, "ही उठली नाही तर माझं कसं रे होणार?" या माणसाला एवढं सरळ बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

श्रावण लागला तसा बेंजोवाल्यांचा गणपतीसाठी सराव सुरू झाला. एका रविवारी काका मला म्हणाले, "गाडी काढ, कडावला जायचंय." मास्तर आपल्या पडवीत तालीम घेत बसला होता. काकांनी त्याला बेत सांगितला. आत्याची कॉट मधल्या खोलीत, परसाच्या भिंतीला लागून. तेव्हा पार्टीनं गुपचूप परसात उभं राहायचं आणि एकदम वाजवायचं. आवाज पाठीमागून आला, की ती पुढे निघणार. काका पुढच्या दारात उभे राहून तिला हात देणार.

मास्तरनं कपाळाला हात लावला. "आजारी मानसाच्या मागं बेंजो? काका, लोक मारतील आमाला!"

"मी चाललो की नाही?"

"तुमचं येगळं हाय. तुमी... तुमी जरा येगळेच हाव."

पण तो आला. सोबत ढोल, ताशा, खुळखुळा, सगळा लवाजमा. आम्ही त्यांना मागच्या वाटेनं परसात नेऊन केळीआड उभं केलं. काका दाढी करून, पांढरे बूट घालून पुढच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यात. काकांनी खूण केली, मी परसाच्या खिडकीकडे हात केला, आणि देवाशप्पथ सांगतो, घराची कौलं हलली.

आत्या दचकली. डोळे मोठे झाले. "कोण आहे रे ते?" कोणी थांबेना. "अरे बंद करा म्हणते ना!" ताशा आणखीच कडाडला. आत्याचा चेहरा असा लाल झाला, की मला वाटलं, आता हिचं काहीतरी व्हायचं आणि माझ्या अंगावर यायचं. तिनं पांघरूण भिरकावलं, पाय खाली टाकले, वॉकर ओढला आणि उठली. पुढच्या दारात काकांनी दोन्ही हात पुढे केले.

आणि आत्या मागच्या दाराला निघाली.

खटक्, खटक् करत ती स्वयंपाकघरातून थेट परसाच्या पायरीपर्यंत पोचली. "गप्प बसा!" असं ओरडली, की सगळी पार्टी जागच्या जागी गारठली. मास्तर पुढं झाला. "बाई, त्ये काकांनी सांगितलं..."

"कोण, तू? दुसरीतही तू असाच बाक बडवायचास! हाताची घडी, तोंडावर बोट!"

गळ्यात ढोल अडकवलेले, मिशा फुटलेले ते सगळे बाप्ये हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून पावसात उभे राहिले. आत्या त्यांच्यावरून एक करडी नजर फिरवत होती. मग तिची नजर स्वतःच्या हातांतल्या वॉकरवर गेली. मग पायांवर. तरी ती खाली बसली नाही. मास्तरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि तोंडावरचं बोट काढायची त्याची हिंमत होत नव्हती. पुढच्या दारात काका अजून हात पुढे करून उभे होते. मी जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "मागे गेली? मागे कशी गेली?" आणि मटकन उंबऱ्यावर बसले. लग्नातल्या एका टॉवेलनं बराच वेळ तोंड पुसत राहिले.

काकांचा सिद्धांत साफ चुकला होता, पण काका तो सोडणारे नव्हते, त्यांनी तो उलटा केला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी स्पीकर स्वयंपाकघराच्या दारात वाजू लागला, मग ओट्यावर, मग गेटापाशी, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर. पूर्ण आवाजात. आत्या तणतणत जाऊन तो बंद करून यायची. "या माणसानं माझा छळ मांडलाय," असं ती मेडिकलवाल्याला सांगायची आणि तो तिला बसायला स्टूल द्यायचा. दिवाळीपर्यंत वॉकर गेला आणि काठी आली.

हे सगळं होईतो काकांची मात्र साखर चढली होती. पाय सुजायला लागले. डॉक्टरीणबाई रागावल्या. तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या. मास्तर निरोपावर निरोप पाठवायचा, पण आत्याला एकटी टाकून काका जाईनात. गेटाला टेकून वरात बघायचे आणि आत यायचे.

मागच्या रविवारी मी गेलो, तर आत्या ओट्यावर काठी घेऊन उभी. दुसऱ्या हातात स्पीकर. तो माझ्याकडे देत म्हणाली, "हे धर. त्यांना चालवायचंय. मी येते मागून, पण आवाज मी सांगेन तेवढाच." काकांनी बूट चढवले. कोणाकडे न बघता पुढे झाले. मी बेंजोचं गाणं लावलं आणि आमची ती तीन माणसांची वरात निघाली. काका पूर्वीसारखे झपाट्यानं चालत नव्हते. पाऊल जरा फरफटत होतं. त्यांच्यामागं आत्या. एका हातात काठी, त्यामुळे तिला एकच कान झाकता येत होता. सगळ्यांत मागं मी. ओळखीची माणसं दुकानांतून हात करत होती.

पुलाच्या अलीकडे स्पीकरनं दोनदा टूं टूं केलं आणि तो बंद पडला. चार्जिंग संपलं होतं. मी काकांच्या पायाकडे बघू लागलो, की आता अधांतरी राहणार, आणि या सुजल्या पायांवर तोल जाणार. मी हात पुढे करून धावायच्या तयारीत.

पाय खाली आला. मग दुसरा उचलला गेला. तोही खाली आला. मागं काठीची टकटक चालू होती, चप्पल घासत होती आणि आत्याची अखंड बडबड. "अहो, जरा हळू. कोण पाठीस लागलंय का तुमच्या? आणि या पोराला साधं चार्जिंग बघून निघता येत नाही..."

काकांनी मागं वळून बघितलं नाही. नुसता वेग थोडा कमी केला आणि पुलावर चढले. मी बंद स्पीकर पिशवीत टाकला आणि दोघांच्या मागं चालत राहिलो.