निजलेली दळी

एका माणसाचा भात मला अजून टाकता येत नाही. मूठभर तांदूळ घेते, ते थोडे वाटतात, म्हणून आणखी अर्धी मूठ टाकते आणि उरलेला भात सकाळी शिळा खाते. लग्न झाल्यापासून हाताला घरभराची सवय लागलेली. डोकं समजून घेतं, हात समजून घेत नाहीत.

माझा नवरा आणि मुलगी रोह्याजवळ वरसेला भाड्याच्या खोलीत राहतात. नवऱ्याची रोह्याच्या कारखान्यात शिफ्ट असते, मुलगी तिथल्या शाळेत जाते. मी इथे डोंगराच्या उतारावर, कुडाच्या खोपीत राहते. आमचं भांडण झालेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण बाजाराला खाली उतरले की बायका आधी तेच विचारतात आणि नाही म्हटलं की त्यांचा हिरमोड होतो.

आमची ठाकरांची वाडी पेण आणि रोहा तालुक्यांच्या हद्दीवर आहे. कागदाने पेणची, बाजाराने रोह्याची. नळ मागायला गेलं की पेणवाले म्हणतात रोह्याला विचारा, रोहेवाले म्हणतात पेणला विचारा. दगडाची खाण काढायची वेळ आली तेव्हा मात्र आमचा डोंगर सगळ्यांना बरोबर सापडला. हायवे रुंद करायचा आहे, त्याला खडी लागते. मी नवी नवरी होऊन माहेराहून, म्हणजे खांब गावाच्या बाजूने आले, तेव्हाही त्या हायवेचं काम चालू होतं. हायवे काही पुरा होत नाही, डोंगर मात्र संपत चालले.

आमची शेती या उतारावरची. तिला दळी म्हणतात. प्रत्येक घराची आपापली दळी, बांध नसलेली, पण कुठल्या झाडापासून कुठल्या दगडापर्यंत कोणाची हे सगळ्यांना पाठ. पहिल्या साली नाचणी, मग वरी, मग खुरासणी आणि त्यानंतर जमिनीला निजू द्यायचं. चांगली पुष्कळ वर्षं. मग तिच्यावर कुडा उठतो, कारवी माजते, करवंदीच्या जाळ्या होतात. आम्ही तिथून भाजी आणतो, कंद खणतो, काटक्या नेतो, पण कुदळ लावत नाही. माती पुन्हा काळी झाली की झाडोरा तोडायचा, जाळायचा आणि परत नाचणी. ज्याला जमीन नीट निजवता येते तो चांगला शेतकरी, असं आमच्यात मानतात.

याच अभिमानाने आमचा घात केला.

मुलगी तेव्हा अंगणवाडीत जाण्याएवढी होती. एक दिवस जीप वर आली. तिच्यातून पेणच्या कचेरीतला साहेब उतरला, त्याच्याबरोबर खाणीच्या कंपनीचा एक गॉगलवाला. वाडीतल्या सगळ्या बायका गोळा झाल्या. पुढे माझी सासू. तिला मी आत्या म्हणायची. बुटकी, दातांना कायम मिश्री आणि आवाज असा, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं वळून बघत. साहेबाने आमच्या उताराकडे बोट करून विचारलं, "इथे कोण पेरतं?"

"कोन नाय," आत्या म्हणाली. "ही नात रांगाया लागली तवापासनं ह्या दळीला आमी हात नाय लावला. निजलीय ती."

हे तिने इतक्या तोऱ्यात सांगितलं! आणि आम्ही शहाण्या मागे उभं राहून माना डोलावतोय. व्हय, व्हय, कोन नाय पेरत. शेजारच्या दळीचंही तेच, त्याच्या वरच्या दळीचंही तेच. साहेब खूश झालेला बघून आम्हीही खूश झालो. जाताना त्यांना करवंदं दिली. ती निजलेल्या दळीवरचीच होती, पण ते कोणाच्या ध्यानात यायला?

काही महिन्यांनी कागद आला, की हा सगळा उतार पडीक आहे, कोणाच्या वहिवाटीत नाही, सबब खाणीला द्यायला हरकत नाही, असं ठरलंय. मी आश्रमशाळेत शिकलेली, म्हणून तो वाचून सांगायचं काम माझ्यावर आलं. आपलेच दात, आपलेच ओठ. वाचून होताच माझी चुलत जाऊ आत्याच्या अंगावर धावून गेली. आत्या ओटीवर बसली होती. ती फक्त म्हणाली, "मी खोटं काय बोल्ली गो?"

आम्ही पेणच्या कचेरीत गेलो. सगळ्या बायकाच. पुरुषांतले निम्मे रोह्याच्या कारखान्यांत लागलेले आणि उरलेल्यांना डंपरवर चढायची स्वप्नं पडत होती. रामवाडीच्या एसटी थांब्यावर उतरून गावात चालत निघालो. वाटेत गणपतीचे कारखाने, त्यात रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीने मांडलेले. जाऊ म्हणाली, "बग गो, सायबागत बसल्यात. डोळे काढायचे ऱ्हायलेत." आम्ही भर रस्त्यात हसत सुटलो. त्या हसण्याची मला फार आठवण येते. एवढ्या जणी एकदम हसलेल्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

साहेबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना कोणी पेरत नाही? पेरता, तर पेरून दाखवा. मग बघू."

तोवर मशीन चढू नये म्हणून आम्ही डोंगराच्या रस्त्यावर बसायला लागलो. त्यासाठी सावड लावली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुमच्या. लावणीला आम्ही नेहमी अशीच माणसं जमवतो. आता जी रस्त्यावर बसेल तिचं पाणी, सरपण आणि पोरं बाकीच्यांनी सांभाळायची. पोलिसांनी दोनदा गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळी सोडलं. एका पोलिसाने तर विचारलं, "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं गं?" आत्या म्हणाली, "आज तुजी आयस करील. जेवाया ये." पोलीसही हसला. खोदायची पोकलेन खाली गेली. पण कंपनीवाले थांबले होते, गेले नव्हते.

मग वाडीची बैठक झाली. निजलेल्या सगळ्या दळ्या तोडून पेरायच्या ठरल्या. सगळ्या तयार झाल्या. एकटी आत्या नाही म्हणाली.

"ओल्या बाळंतिणीला उठवून कोन जात्यावर बसवतं काय?" ती म्हणाली. "मरंल ती."

जाऊ म्हणाली, "तुज्या तोंडापायी झालंय हे सगळं. आता तरी ऐक."

मला जावेचं पटत होतं आणि आत्यालाही सोडवत नव्हतं. त्या दिवसापासून वाडी आमच्याशी तुटक वागायला लागली. पाण्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. आणि आत्याने आणखी एक खूळ काढलं. दळीच्या मधोमध चार मेढी रोवल्या, कुड विणला, वर पेंढा घातला आणि आपलं अंथरूण घेऊन तिथे राहायला गेली. "नाय उठवीत मी तिला. तिच्या उशाशी बसते. आता लिवून न्या म्हनावं कोन नाय म्हनून." नवरा म्हणाला, म्हातारीला वेड लागलं. मलाही तसंच वाटलं.

बाकीच्या दळ्यांवर त्या साली नाचणी बरी आली. साहेब येऊन बघून गेला. दुसऱ्या साली वरी हातभर सुद्धा उंच झाली नाही. तिसऱ्या पावसात जावेच्या दळीची माती सरळ ओढ्यात गेली आणि खालचा खडक उघडा पडला. खडकच तर त्यांना हवा होता. आता तिथे पेरण्यासारखं काही राहिलं नाही हे सांगायला साहेबाची गरज नव्हती. एकेका घराने कंपनीला अंगठे दिले. जावेचा मुलगा डंपरवर लागला. त्यांना मी काय म्हणून दोष देऊ? आम्ही सगळ्याच जमीन वाचवायला निघालो होतो.

आत्या गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. दुपारी खोपीसमोर वाल सोलत बसली होती, तिथेच कलंडली. तिला न्यायला वाडी आली, हे सांगायला हवं. तिचं दिवसकार्य झाल्यावर नवऱ्याने विषय काढला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलगी मोठी झाली, वरसेजवळ शाळा चांगली, त्याच्या शिफ्टला रोजचं जाणं-येणं जमत नाही. "चल आता," तो म्हणाला. "दळी काय पळून जाते?"

तीच तर पळून जाणार होती. खोप रिकामी दिसली, की वर्षभरात खाणीचा रस्ता तिथून गेला असता. खाण आता तिन्ही बाजूंनी आहे, मध्ये आमचा हा हिरवा तुकडा, आणि त्याच्या माथ्यावर वाडीचा झरा. दळी गेली तर झरा जातो आणि झरा गेला तर वाडीत उरलीत तीही घरं उठतात. हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याने विडी पेटवली. मग म्हणाला, "तू आयशीवर गेलीस." सासूवर गेलीस असं म्हणायला हवं होतं, पण त्याची ती आईच. मुलीचं दप्तर मी भरलं.

मला एकटं वाटतं. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे? दुपारी सुरुंग लागतो तेव्हा हंड्यातलं पाणी थरथरतं आणि त्यावर धुळीची साय बसते. ती काढताना मी मोठ्याने शिव्या देते, कारण ऐकायला कोणी नाही. फोनला रेंज फक्त झऱ्याजवळच्या कातळावर मिळते. संध्याकाळी तिथे बसून मुलीशी बोलते. ती आता शहाण्यासारखी बोलते, मैत्रिणींची नावं सांगते, त्यांतली एकही मी पाहिलेली नाही. पहिल्यांदा तिला न्हाण आलं तेव्हा शेजारच्या बाईने तिला सगळं समजावलं. मला फोनवर कळलं. त्या दिवशी मात्र मी खोपीला कुलूप लावून निघालेच होते. उतारावरून खाली बघितलं तर गॉगलवाला रस्त्यावर उभा राहून वर बघत होता. मी परत फिरले.

या उन्हाळ्यात आत्याने शिकवलं होतं तसं करवंदीच्या जाळीखाली हात घातला. माती काळी निघाली, मुठीत धरली तर गोळा झाला. दळीची झोप पुरी झाली होती. कुड्याची खोडं माझ्या दंडाएवढी झालेली. एकटीच्याने ते तुटणार नव्हतं, म्हणून मी वाडीत घरोघरी सावड सांगायला गेले. निम्म्या घरांना कुलपं. ज्यांना नव्हती ते म्हणाले, बघू. जावेच्या दारात उभी राहिले, तर ती तांदूळ पाखडत राहिली.

सावड सांगितली, की ज्याची जमीन त्याने जेवण घालायचं. मी मोठं पातेलं काढलं. वाडीभराचा भात टाकला, सुक्या बोंबलांचं कालवण केलं. उन्हं चढली तरी वाटेवर कोणी नाही. मी कोयता घेऊन एकटीच सुरुवात केली. मग मागे दुसऱ्या कोयत्याचा आवाज आला. जाऊ होती. कधी आली, कळलंच नाही. आम्ही शेजारी शेजारी तोडत राहिलो. बऱ्याच वेळाने तिने माती हातात घेतली आणि म्हणाली, "माजी तर ओढ्यात गेली गो." मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि पुन्हा कोयता उचलला.

दुपारी नवरा मोटरसायकलवर मुलीला घेऊन आला. तिच्या तळहाताला तासाभरात फोड आले, पण ती मागे हटली नाही. मी तिच्याकडेच बघत होते. उंच झालीय. फांदी ओढताना आत्यासारखी ओठ चावते. दिवस कलेपर्यंत निम्मा उतार मोकळा झाला. जाऊ जेवली, ताट धुतलं, "उद्या येते," म्हणाली आणि गेली. सुरुंगाची धूळ खाली बसली होती. चौघांच्या जागी आज आम्ही तिघंच ओळीत जेवायला बसलो, आत्या नव्हती. तरी मला भरल्यासारखं वाटलं.

निघताना मुलगी खोपीत आली. फोडांवर फुंकर घालत म्हणाली, "आई, ही जमीन आता किती वर्षं पेरणार?"

"तीन साल. नाचनी, वरी, खुरासनी."

"आणि मग परत निजणार?"

"व्हय."

तिने मनात काहीतरी हिशेब जमवला. तिचं तोंड उजळलं. "मग ती निजली की तू आमच्याकडे येशील ना? तेव्हा तर इथे काही कामच नसतं."

बाहेर नवऱ्याने गाडी चालू केली होती. त्याचं लक्ष इकडेच होतं.

"येन," मी म्हणाले.

ती गळ्यात पडली. तिच्या केसांना शाम्पूचा वास येत होता आणि त्याच्याखाली आमच्या कारवीचा. मग ती बापाच्या मागे बसली आणि वळणापर्यंत हात हलवत गेली.

मी लेकीशी खोटं बोलले. पेरलेलं शेत कोणालाही दिसतं. निजलेल्या जमिनीलाच राखण लागते.

आत येऊन पातेलं उघडलं. भात पुष्कळ उरला होता.