सुलैबियाचा रोमन रस्ता

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या सर्व्हेअर साहेबांचे. घराण्यातल्या पहिल्या पदवीधराला, म्हणजे मला, त्यांनी कुवेतला आणलं आणि मिरकाबच्या आपल्या घरी महिनाभर जेवू घातलं. विलायतेतल्या प्रशिक्षणात त्यांनी शेतांमधून गेलेल्या रोमन रस्त्यांच्या खुणा पाहिल्या होत्या. तेव्हापासून कुठेही सरळ रेघ दिसली की ते दोन बोटांनी हवा कापायचे. "सरळ आहे ना? मग रोमन!"

तुम्हीही असे साहेब पाहिले असतील. वाचन थोडं, आवाज भरपूर.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शहराबाहेर सुलैबियाच्या पलीकडे त्यांना वाळूत अर्धवट बुडालेली दगडांची रांग सापडली. साहेबांनी टोपी काढली.

गाडी चालवणारे रत्नागिरीचे चाचा म्हणाले, "साहेब, उंटाला सरळ रस्ता कशाला लागतो?"

"उंटाला नाही, शिस्तीला लागतो. तुम्हा कोकणवाल्यांना वळणाशिवाय सुचायचं नाही!"

मग दर शुक्रवारी पाहुणे आणि चहाचा थर्मास. एका पाहुण्यांच्या मुलीने विचारलं, "अंकल, पण रोड कुठे आहे?"

"तो डोळ्यांनी दिसत नाही, बाळ. अभ्यासाने दिसतो."

मी मान डोलवायचो. ती रांग मीच लावली होती.

लाकडी खुंट्या मेंढपाळ चहाच्या जाळाला नेत, म्हणून पाइपलाइनची रेघ आम्ही दगडांनी आखायचो आणि त्यांवर लाल रंगाने आकडे टाकायचो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी कोन चुकीचा वाचला. रेघ चुकवणाऱ्याला साहेब पुढच्या विमानाने घरी पाठवत. मी गुपचूप नवी रेघ आखली आणि जुने दगड आकड्यांवर पालथे घालून तिथेच सोडले. अशी रेघ आखायला मला साहेबांनीच शिकवलं होतं. त्यांनाच ती ओळखू आली नाही.

निवृत्त होऊन मिरजेला जाताना ते म्हणाले, "माझा रस्ता सांभाळ रे."

काही वर्षांनी त्यांचं पत्र आलं. माझ्याच गावच्या शाळेत ते या रस्त्यावर भाषण देणार होते. 'पहिला साक्षीदार म्हणून तुझं नाव घेईन.'

चाचांना घेऊन मी त्या रांगेपाशी गेलो आणि एक दगड उलटा केला. लाल रंगातला मराठी सात पाहून चाचा बराच वेळ हसले. "शाबास, रोमन!"

चाचा सुट्टीवर गावी निघाले होते. त्यांच्याजवळ मी पत्र दिलं:

'साहेबांना सा. न.
ती रांग माझी आहे. तेव्हा बोललो असतो तर नोकरी गेली असती. नंतर बोललो नाही, कारण तिथे तुम्ही फार खूश असायचात. पण माझ्या शाळेतली पोरं तुम्ही सांगाल ते खरं मानतील, मीही मानायचो. सोबत सातवा दगड पाठवतो आहे. भाषणाला तोच न्या. आणि माझं नाव घ्यायचंच असेल, तर रेघ चुकवणारा म्हणून घ्या.'