बाराचे बावीस

नुजहत कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लहानशा कंपनीत मोबाईलची ॲप बनवायची. तिचे वडील लालासाब पेठ वडगावात शाळेचे गणवेश शिवायचे. त्यांना इन्सुलिन सुरू झालं आणि डॉक्टर वरचेवर डोस बदलू लागले, तेव्हा नुजहतनं खास त्यांच्यासाठी एक साधं ॲप लिहिलं. डॉक्टरांशी बोलून ती आपल्या फोनवर डोस भरायची, तो अब्बांच्या फोनवर दिसायचा.

आधी तिनं ते एकेरी ठेवलं होतं. अब्बांनी काही बदललं, तर तिच्याकडं नुसती विचारणा यायची. तिनं होकार दिला तरच आकडा बदलायचा. लालासाबांना ते खपलं नाही.

"मी काय ल्हान पोरगं हाय व्हय, दर टायमाला तुला इचारत बसाय?"

नुजहतला वाईट वाटलं. तिनं दोन्ही बाजू जोडून टाकल्या. तिनं लिहिलं की तिकडं बदलायचं, त्यांनी लिहिलं की इकडं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या वर्धमाननं तेव्हा टोकलं होतं, की यात आकडा कुणी बदलला ते कळायचं नाही, औषधाला असलं नको. ती म्हणाली, घरचंच तर आहे.

एका सकाळी लालासाबांनी चष्म्याशिवाय फोन उचलला. डोसशेजारच्या अधिकच्या खुणेवर त्यांच्या नकळत अंगठा टेकून राहिला आणि बारा युनिटचे बावीस झाले. चष्मा लावल्यावर त्यांना बावीस दिसले. पोरीनं डॉक्टरांना विचारून वाढवलं असेल, असं समजून त्यांनी तेवढं टोचून घेतलं आणि दुकान उघडलं. इकडं ऑफिसात नुजहतलाही बावीस दिसले. डॉक्टरांनी परस्पर अब्बांना सांगितलं असेल, असं तिला वाटलं. दुपारी विचारू म्हणून ती कामाला लागली.

दुपारच्या आत ते शिलाई मशीनवरच कोसळले. शेजाऱ्यांच्या गाडीतून नुजहतच्या अम्मीनं, म्हणजे शहाजादीनं, त्यांना कोल्हापूरला आणलं. साखर पार खाली गेली होती. शुद्ध आली, पण उजवा हात पहिल्यासारखा चालेना. नुजहतला बघून ते अडखळत म्हणाले,

"तू वाढीवलंस म्हणून घेतलं."

 घरी आणल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरांनी काही बदललं नव्हतं, तिनंही नाही, म्हणजे आकडा त्यांच्याच अंगठ्यानं बदलला होता हेही. आणि पहिलं होतं तेच बरोबर होतं, ते आपण मोडायला नको होतं, असं म्हणून ती रडली. लालासाबांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

"मीच म्हनलो हुतो की," ते म्हणाले.

त्या बोलण्यानं तिचं ओझं काही हलकं झालं नाही. तिनं ॲप पुन्हा एकेरी केलं आणि अम्मीच्या फोनवर घातलं. लालासाबांनी ते कधी मागितलं नाही. रोज सकाळी शहाजादी सुई भरते, तेव्हा ते सदरा वर धरतात आणि भिंतीकडं तोंड करून बसतात. किती भरलं, ते विचारत नाहीत.