अच्युतमामा गाडी काढायला जातो

रेडगम जिंकले. हे वाक्य वाचून झालं असेल तर कृपया विसरा. रेडगम जिंकलेले नाहीत, काल सामनाच नव्हता, मेलबर्नमध्ये फुटबॉल नावाचा खेळच नाही. सौमित्र सोफ्यावर आडवा होऊन हेच घोकतो आहे. रविवारची दुपार, पोटात वरणभात, डोळे जड. आणि डोळे मिटले की अच्युतमामा येतो.

मामा फेब्रुवारीत गेला. मूळचा मिरजेचा, इथे आल्यापासून रेडगम संघाचा. इथल्या फुटबॉलात नेम जरासा चुकला तरी एक गुण देतात. इतका दयाळू खेळ, तरी रेडगम हरायचे. म्हणून सामना संपत आला की मामा उठायचा, "मी गाडी काढतो, नंतर गर्दी होते." क्लबचं गाणं फक्त जिंकल्यावर म्हणतात. ती वेळ मामाच्या हयातीत एकदाच आली, तेव्हा तो पार्किंगमध्ये हॉर्न वाजवत होता. गाणं सौमित्रने म्हटलं. मामा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

सोफा कडक होतो. सोफा म्हणजे स्टेडियमची खुर्ची आहे. शेजारी मामा, गळ्यात लाल मफलर.

"काय रे, कालचं काय झालं?"

"हरलो," सौमित्र म्हणतो.

"सपाटून?"

"अगदी."

मामाचा चेहरा उजळतो. "बरं झालं. म्हणजे, वाईट झालं. पोरंच आहेत रे ती, अजून मिसरूड नाही फुटलेलं."

मैदान म्हणजे मिरजेचं मंगल कार्यालय आहे. इथल्या गोलला खांब चार, त्या चारींना केळीचे खुंट बांधलेत. रेडगमची पोरं लाल चड्ड्यांत पंगत वाढताहेत, आणि गोल झाल्यावर दोन पांढरी निशाणं हलवणारा पंच त्याच निशाणांनी जिलबीवरच्या माश्या हाकलतो आहे. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

"आणि तुझा आवाज असा का?" मामा मठ्ठ्याचा घोट घेत विचारतो.

"सर्दी."

"सर्दी नाकात असते गाढवा. हा घसा बसलाय." मामा वाटी खाली ठेवतो. "गाणं म्हटलंस."

"एकदाच."

"खोटं."

"तीनदा. शेवटचं खुर्चीवर उभं राहून."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

सगळी पंगत जेवायची थांबते.

"हरताना मी," मामा म्हणतो, "आणि जिंकताना तू? मी गेल्यावर मुहूर्त सापडला होय त्यांना?"

"जळतोयस तू, मामा."

"जळून फेब्रुवारीतच झालं माझं. हे पोटात दुखतंय. पोट नाही, तरी दुखतंय."

तो पानातलं मीठ बोटाने सारखं करतो. मग मान न वळवता विचारतो, "शेवट कसा झाला?"

"बरोबरी होती. दातांना तारा लावलेल्या त्या पोराने लाथ मारली. नेम चुकला."

"चुकला?"

"चुकल्याचा एक गुण मिळाला. त्याच एका गुणाने जिंकलो."

मामा मफलरने तोंड पुसतो, जरा जास्तच वेळ. मग खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून सौमित्रच्या हातात देतो. "दाढेत धर. चावू नकोस. पुढच्या वेळी आवाज लागेल." आणि उठतो. "चल, मी गाडी काढतो. गर्दी होईल."

"मामा, थांब ना! गाणं व्हायचंय अजून!"

पण तो केळीच्या खुंटांमधून गेलेला असतो. लांबून हॉर्न ऐकू येतो.

हॉर्न शेजाऱ्याचा आहे. सौमित्र उठून बसतो. घरात ज्येष्ठमध कधीच नव्हतं. दाढेत काडी आहे, आणि गोड लागते आहे.

तरी स्पर्धेच्या व्यवस्थापनास सविनय विनंती, की कालचा सामना झालाच नाही असे समजून तो पुन्हा, तसाच, त्याच चुकलेल्या नेमासह खेळवण्यात यावा, आणि कै. अच्युत गोविंद मोडक यांस गाणे संपेपर्यंत स्वतःच्या खुर्चीवर हजर राहण्याची परवानगी मिळावी. गाडी अर्जदार काढील.