दिराचा बदामाचा एक्का

माझ्या दिराला मी आयुष्यभर सहन करत आले आहे, आणि तो मला. पर्वत पाटिया भागातल्या ह्या घरात एकाच जिन्याने चढतो-उतरतो, एवढाच काय तो जिव्हाळा.

सुरतेत आल्यापासून श्रावणात सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमाराला, शेजारच्या गुजराती घरांसारखी आमच्याकडेही तीन पत्तीची बैठक बसते. गादीवर पुरुष, स्वयंपाकघरात मी. लग्नानंतर एकदा गडी कमी पडला म्हणून मला बसवलं, आणि हातात चक्क तीन राण्या! दीर मान वर न करता म्हणाला, "वहिनी, भजी जळतायत." झालं. ती बावळट, म्हणजे मीच, राण्या पालथ्या टाकून आत पळाली. कढई अजून चढलीसुद्धा नव्हती! वर भजी छान झाली म्हणून कुणी म्हटलं, तर दिवसभर आनंदाने फुगून फिरली. भेटली असती तर कान उपटले असते तिचे.

यंदा मी जाहीर केलं, गादीवर मी बसणार.

"मोबाईलवर बोटं फिरवून कोणी खेळाडू होत नाही, वहिनी."

"मग मोबाईलवरच या भावजी."

तोही माझ्यासारखाच मोबाईलच्या ॲपवर पोकर खेळतो. तिथल्या रविवारच्या मोठ्या स्पर्धेत पैसे नसतात, नुसत्या चकत्या. पण खेळणारे हजारो, आणि थोड्या थोड्या वेळाने खेळाचा प्रकार बदलतो. ठरलं: आधी बाद होईल त्याने आठमला स्वयंपाकघर सांभाळायचं, दुसऱ्याने गादी.

दुपारी समोरासमोर बसलो. टेबलं वेगळी, दात-ओठ खाणं एकत्र. साध्या प्रकारात तो पुढे गेला. मग सगळ्यात हलका हात जिंकणारा प्रकार आला, आपल्या तीन पत्तीतल्या मुफलिससारखा. तिथे मी वर आले. पण पुढे दोन डावांत माझी माती झाली. चकत्या चिमूटभर उरल्या.

"तेल आणून ठेवा," दीर म्हणाला.

तेवढ्यात चार पत्त्यांचा प्रकार सुरू झाला. ह्यात हातातले नेमके दोनच पत्ते वापरायचे, बाकीचे तीन मधल्या उघड्या पत्त्यांतले. हे मी मार खाऊन शिकले होते. दिराने नियम वाचलेच नव्हते. नियम नवख्यांसाठी असतात, असं त्याचं म्हणणं.

त्याने मला जळवायला फोन माझ्याकडे फिरवला. मध्ये चार बदाम. त्याच्या हातात बदामाचा एक्का, बाकी तीन पत्ते दुसऱ्या रंगांचे. "कलर! तोही एक्क्याचा. लावू का सगळं?"

हातातले दोन पत्ते लागणार आणि दुसरा बदाम नाही, म्हणजे पाच बदामांचा कलर नाही.

"लावा की भावजी. तुमच्यासारखा माणूस कधी मागे हटलाय का?"

लावलं. समोरच्या कुण्या अनोळखी माणसाने दोन फुटकळ बदाम उघडले आणि दीर बाद.

"ॲप खोटं आहे!" मग माझ्या तोंडाकडे बघून, "तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, लावू का. मी म्हटलं, लावा."

आठमला सकाळपासून त्याची कंबर धरली. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी त्याच्या जागी लोडाला टेकून बसले. पाहुण्यांनी चहाचं विचारलं.

"आत झोपलेत, त्यांना विचारा," म्हटलं आणि पत्ते पिसायला घेतले.