दोन पायडलांची गाडी

डावा पाय गेला तो सुताच्या गासडीखाली. मी तेव्हा ट्रक चालवायचो. भिवंडीच्या गोदामात माल उतरवताना गासडी कलंडली आणि गुडघ्याखाली सगळा चेंदामेंदा झाला. क्लच दाबायचा डाव्या पायाने, म्हणजे धंदाच बसला. वर्षभर अंजूरला घरी नुसतं बसून खाल्लं. बायको एकटी राबायची, आणि तेच जास्त लागायचं.

पुढे पेट्रोल महागलं, तशा मुंबईच्या बड्या लोकांनी जुन्या अमेरिकन गाड्या विकायला काढल्या. एका लूमवाल्या शेठने हौसेने एक घेतली. तिला क्लचच नाही! स्टिअरिंगजवळची दांडी हव्या त्या अक्षरावर आणायची, गिअर आपले आपण पडतात. शेठ मला म्हणाला, "दो ही पायडल हैं. तेरा एक पैर काफी है." देवच पावला म्हणायचा.

पण खोड बघा! गाडीने गिअर बदलला की माझी डावी मांडी उचलली जायची. नसलेला पाय नसलेला क्लच शोधायचा. दोन वर्षं तेच.

मग एके दिवशी कशेळीजवळ इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मेस्त्री खाली शिरला. तेल जळून काळं झालेलं.

"गिअरबॉक्स गेला," तो म्हणाला. "ह्यांच्या लई जाती हायत. जुन्यात दोनच गिअर, नंतरच्यात तीन. खालच्या चेंबरच्या आकारावरून वळखायचा. तसाच दुसरा मिळाला तर ठीक, न्हायतर जीपचा बसवतो, क्लचवाला. सगळे तेच करतात."

शेठने तसाच बॉक्स शोधायला लूमच्या शुक्रवारच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली.

चेंबर म्हणजे बॉक्सखालचं तेलाचं पत्र्याचं तबक. मी ते लूमच्या कोऱ्या कापडावर पालथं दाबलं. तेलकट कडा उमटली, बोल्टांच्या भोकांसकट. कापडाची घडी घेऊन कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे गेलो. दुकानागणिक कापड पसरायचं. कुठे कोपरा जास्त, कुठे भोकं जुळत नाहीत. कुबडीने काख सोलवटली. अरे, एका पायाच्या माणसाने वणवण करायची तरी किती!

संध्याकाळी एका ठिकाणी जुळलं, अगदी भोकाला भोक. एक म्हातारा त्या चेंबरमध्ये तेल ओतून नट-बोल्ट धूत बसला होता.

"ह्याचा बॉक्स कुठाय?" मी विचारलं.

"कवाच भट्टीत गेला. आता कोण इचारतंय? सगळी क्लच बसवून घेतात."

त्याने चहा पाजला. मी कापडाची घडी घातली.

शुक्रवारी जीपचा बॉक्स बसला. शेठ माणूस वाईट नव्हता. किल्ली नव्या ड्रायव्हरला देण्याआधी म्हणाला, "बैठ जा एक बार." बसलो. सवयीने मांडी उचलली गेली. खाली बघितलं, तर तिथे आता तिसरं पायडल होतं.

घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?"

"दोन वरसं पाय क्लच शोधत होता ना," मी म्हटलं, "आज गावला."