चौदा नंबरची पाटी

माझी आत्या रस्ते खात्याच्या नकाशाखोलीत चौतीस वर्षं होती. ऑफिसात तिला सगळे 'दूरदृष्टी' म्हणायचे, आणि त्या नावाचा तिला मनातून भयंकर राग होता. का, ते मला फार उशिरा कळलं.

ती नोकरीला लागली तेव्हा शहरातल्या द्रुतगती मार्गांना बांधले त्या क्रमाने नंबर होते. तीनच्या शेजारी अकरा, अकराला लागून पाच. बाहेरगावचा ट्रक एकदा शिरला की दोन दोन तास गरगरत राही. नोकरीच्या तेविसाव्या वर्षी आत्याने सगळं नव्याने लावून दिलं. उभ्या रस्त्यांना विषम नंबर, आडव्यांना सम, आणि आडवे दक्षिणेकडून मोजत जायचे. आकडा वाढला म्हणजे आपण उत्तरेला चाललोय, एवढं कळलं की नकाशा नको. लोकांना ते आठवड्यात पाठ झालं. मला विचाराल तर आमच्या घराण्यात इतकं शहाणपणाचं काम दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

फक्त बारानंतर तिने सोळा लिहिला. पाट्या रंगून खांबांवर चढल्या, तेव्हा लक्षात आलं. साहेबांनी विचारलं, "चौदा कुठंय?" पापणीही न लववता आत्या म्हणाली, "पुढे मध्ये एखादा रस्ता झाला तर? जागा ठेवलीये." साहेब खूश! त्या दिवसापासून ती दूरदृष्टी.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना शहराच्या उत्तर टोकाला, वीस नंबरच्याही पलीकडे, नवा मार्ग तयार झाला. नव्या साहेबांनी बैठकीत जाहीर केलं, "बाईंनी जपलेला चौदा आता यालाच देऊ. उद्घाटनाला बाईंचा सत्कार!" टाळ्या पडल्या. आत्या गप्प बसली असती तर हारतुरे ठरलेलेच होते. पण वीसच्या पुढे चौदा लागला, तर ड्रायव्हरने आकड्यावर भरवसा ठेवायचा कसा?

ती उभी राहिली. "साहेब, तो चौदा मी कुणासाठी ठेवला नव्हता. मोजताना चुकले आणि वर थाप मारली. नव्या रस्त्याला बावीसच द्या."

"अहो बाई, आता जाता जाता हे कशाला सांगताय?"

"पद्धत बरोबर आहे म्हणून. चुकले ती मी."

सत्कार बारगळला. उत्तरेला बावीसची पाटी लागली. निरोपाच्या दिवशी खात्याचा म्हातारा रंगारी टेम्पोतून एक पाटी घेऊन आला. पुऱ्या मापाची, मधोमध पांढरा चौदा. "एवढी एकच रंगवायची राहिली होती," म्हणाला. ऑफिसात कधी न रडलेली आत्या तिथे ढसाढसा रडली.

पाटी घराच्या दारातून आत जाईना, म्हणून गच्चीच्या भिंतीला ठोकली. परवा एक ट्रकवाला खाली थांबून ओरडला, "मावशी, हा चौदा जातो कुठे?"

"कुठेच नाही," आत्या वरून म्हणाली. "माझी चूक आहे ती. तुम्हाला कुठे जायचंय?" आणि तिने त्याला शेवटच्या वळणापर्यंत रस्ता सांगितला.